दोन सेशन झाली, फरक नाही: काउन्सेलर बदलण्याआधी

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. झोप उडालीय, नवऱ्याशी कुठलंही बोलणं भांडणावरच जातं, सासूबाईंचा विषय निघाला की तो उठून आतल्या खोलीत जातो. ऑनलाइन काउन्सेलिंगची दोन सेशन झाली, 'ऐकून घेतलं, पण पुढे काय?' असं वाटतंय. नवरा यायला तयार नाही. ऑनलाइन सोडून प्रत्यक्ष जावं का, असं विचारताय.

मी समुपदेशक नाही. अडीच वर्षं समोरच्या खुर्चीत, म्हणजे खरं तर स्क्रीनच्या या बाजूला, बसलेला माणूस आहे. आधी एकटा, नंतर बायकोसोबत. तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

आधी एक विचारू? सेशनच्या वेळी तुम्ही बसता कुठे?

माझी पहिली तीन सेशन बेडरूममध्ये दार लावून झाली. बाहेर आई होती. मी हळू आवाजात बोलायचो आणि दर दोन वाक्यांनी 'तसं विशेष काही नाही' म्हणायचो. तिसऱ्या वेळी काउन्सेलर म्हणाल्या, "तुम्ही सारखे उजवीकडे काय बघताय?" उजवीकडे दार होतं. ज्या माणसांबद्दल बोलायचं तीच भिंतीपलीकडे, मग बोलणार काय कप्पाळ! चौथं सेशन मी खाली उभ्या गाडीत केलं, फोन स्टिअरिंगला टेकवून. त्या दिवशी जे बाहेर पडलं ते आधीच्या तीन सेशनांत मिळून पडलं नव्हतं. हेडफोनने फक्त समोरच्याचा आवाज लपतो, आपला नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. गाडी नसेल तर गच्ची, मैत्रिणीची खोली, ऑफिसची रिकामी मीटिंग रूम, काहीही चालेल. काहीच जमत नसेल तर चॅटवर सेशन घेता येईल का ते विचारा. लिहिताना माणूस जास्त मोकळा होतो, कधीकधी गरजेपेक्षा जास्तच. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय. तोटा एवढाच की तुम्ही मध्येच गप्प झालात तर समोरच्याला ते दिसत नाही.

दुसरं, दोन सेशन म्हणजे फार काही झालेलं नसतं. काउन्सेलरचा तो वेळ माहिती घेण्यात जातो. घरात कोण कोण, कधीपासून, आधी काही उपचार, झोप, भूक. बऱ्याचदा नैराश्याची लक्षणं बघणारी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावलीही देतात. तिचे गुण ० ते २७. त्यावरून कुणी आजार ठरवत नाही, पण १० किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासून बघतात. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. तिथे घाबरून शून्यावर खूण करू नका, खरं तेच लिहा.

आता मुद्द्याचं. 'पुढे काय?' हे तुम्ही इथे विचारलंत, काउन्सेलरला विचारलंत का?

मी विचारलं नव्हतं. मला रोजचे विचार वहीत लिहायला सांगितले होते. मी तीन आठवडे लिहिले नाहीत आणि दर वेळी 'थोडं केलं' म्हणून थाप मारली. शेवटी वैतागून म्हणालो, "मला हे शाळेच्या गृहपाठासारखं वाटतं, मी करणार नाही." त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग काय केलं तर तुम्हाला जमेल?" ठरलं असं की भांडण झालं की दोन मिनिटं फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा, बस. ते मात्र केलं, आणि माझं खरं काउन्सेलिंग तिथून सुरू झालं. एडवर्ड बॉर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये हे नीट मांडलंय: काय साधायचं यावर काउन्सेलर आणि आपण, दोघांचं एकमत हवं, ते कसं साधायचं यावर हवं, आणि आपसात विश्वास हवा. तुमचं यातलं पहिलंच ठरलेलं दिसत नाही. पुढच्या सेशनची पहिली पाच मिनिटं त्यालाच द्या. 'मला झोप हवीय' आणि 'मला नवऱ्याशी बोलता यायला हवं' ही दोन वेगळी कामं आहेत.

एवढं सांगूनही चार-पाच सेशनांत काही हललं नाही तर खुशाल बदला. 'थोडं ॲडजस्ट करा' किंवा 'सोडून द्या त्याला' असे निकाल कुणी पहिल्याच तासाला देत असेल तर मात्र वाटही बघू नका. पदवी, नोंदणी, सेशन रेकॉर्ड होतं का, हे विचारायला लाजायचं कारण नाही. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

नवरा येत नाही म्हणून अडून बसू नका. दोघांमधला ताण सोसेना की तिसऱ्याला ओढलं जातं, याला मरे बोवेन या कुटुंबांवर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने त्रिकोण म्हटलंय. तुमच्याकडे तिसरं टोक सासूबाई आहेत. तुम्ही एकट्या जरी त्यातली आपली जागा बदललीत तरी बाकीच्या दोघांना हलावं लागतं. आधी आवडत नाही त्यांना, हेही सांगून ठेवतो.

आणि तो उठून जातो त्याबद्दल. आमच्या घरी उठून जाणारा मी होतो. बायकोला वाटायचं, मी तिला उडवून लावतोय. मला प्रत्यक्षात कानात ठोके ऐकू यायचे आणि ती काय बोलतेय ते कळतच नसायचं. जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात की ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की माणूस ऐकायच्या अवस्थेत राहत नाही आणि शरीर शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. आमचा नियम झाला: उठायला हरकत नाही, पण परत कधी येणार ते सांगून उठायचं. 'अर्ध्या तासाने बोलू' एवढंच. पहिल्यांदा मी अर्ध्या तासाने खरंच परत आलो तेव्हा बायको बघतच राहिली.

त्याला बोलवायचंच असेल तर 'तुला गरज आहे' असं म्हणू नका. 'मला एक गोष्ट तुझ्यासमोर नीट मांडता येत नाही, एकदाच ये' असं म्हणून बघा. जोडप्याचं सेशन तुमच्याच काउन्सेलर घेतील की दुसऱ्या कुणाकडे पाठवतील, ते आधी विचारा. बरेच जण दोन्ही कामं एकत्र करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

घरात मारहाण, धमक्या किंवा तुमचा फोन तपासणं असं काही असेल तर वर लिहिलेलं नवऱ्याला बोलवायचं सगळं विसरा. तिथे जोडप्याने एकत्र बसणं धोक्याचं असतं. एकट्यानेच आणि दुसऱ्या फोनवरून बोला. जीव द्यावासा वाटत असेल तर पुढच्या सेशनची वाट बघायची नाही, जवळच्या माणसाला लगेच सांगून डॉक्टर गाठायचा. सेशनच्या सुरुवातीला 'आत्ता कुठे आहात?' असं काउन्सेलर विचारतात ते याचसाठी, वेळ पडली तर मदत नेमकी कुठे पाठवायची ते माहीत असावं म्हणून.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्यक्ष गेलं की घरी परतायचा रस्ता असतो, तेवढ्यात माणूस सावरतो. ऑनलाइनमध्ये कॉल बंद केला की तुम्ही थेट घरात. एकदा मी सेशन संपताक्षणी वर गेलो आणि 'बिल भरलं का?' एवढ्यावरून आईवर ओरडलो. तेव्हापासून कॉल संपला की दहा मिनिटं गाडीतच बसतो, फोन उलटा ठेवून. घरी आता सगळ्यांना माहीत आहे, तोवर कुणी हाक मारत नाही.