दुखत नाही म्हणून धावायचं का?

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो. गुडघ्याचं एसीएल (सांधा आतून घट्ट धरणारं लिगामेंट) तुटलं, ऑपरेशनला दोन महिने झालेत, मांडीमागचीच शीर (स्नायूचा दोर, टेंडन) काढून त्याजागी बसवलीय. आता दुखत नाही म्हणून जिममधल्या लेग एक्स्टेन्शन मशीनवर (बसून पायाने वजन उचलत गुडघा सरळ करायचं) बसतो, पुढच्या आठवड्यात धावायचं म्हणतोय. त्याचा मित्र म्हणतो त्या मशीनने लिगामेंट सैल होतं. खरं काय? (एक आई, सांगली)

उत्तर : ताई, आधी धावणं थांबवा. दुखणं गेलं म्हणजे आतलं पक्कं झालं असं नसतं, उलट बसवलेली शीर पहिल्या दोन-तीन महिन्यांत कमकुवत असते कारण तिच्यात नवीन रक्तपुरवठा तयार होत असतो, आणि नेमकं तेव्हाच पोरांना वाटतं आपण ठणठणीत झालो. मला याच टप्प्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते.

मशीनचं म्हणाल तर मित्र अर्धा बरोबर आहे. पाय पूर्ण सरळ होतानाच्या शेवटच्या टप्प्यात वजन असेल तर नव्या लिगामेंटवर ताण येतो, पण गुडघा काटकोनात वाकलेला असताना तिथून अर्ध्यापर्यंतच पाय उचलायचा असेल तर फिजिओ बरेचदा हा व्यायाम देतात, कारण मांडीचा पुढचा स्नायू या ऑपरेशननंतर इतका बारीक होतो की नुसत्या स्क्वॉटने तो पूर्ण भरून येत नाही. म्हणजे मशीन वाईट नाही, पण किती वजन आणि कुठपर्यंत हे त्याच्या फिजिओनेच ठरवायचं, जिममधल्या ट्रेनरने नाही.

तोवर भिंतीला टेकून अर्धा स्क्वॉट, छोट्या पायरीवर चढउतार, स्थिर सायकल, एका पायावर तोल. आणि एक बघा, उताणा झोपवून दोन्ही गुडघे सारखे सरळ होतात का, आजारी गुडघ्याखालून हात जात असेल तर बाकी सगळ्याच्या आधी ते फिजिओला सांगा, सरळ न होणारा गुडघा पुढे फार त्रास देतो. मांडीमागची शीर काढलीय म्हणून टाच मागे ओढायचे वजनाचे व्यायामही अजून विचारल्याशिवाय नकोत.

कबड्डीत तर एका पायावर झटकन वळायचं असतं, म्हणून मैदानावर निदान नऊ महिन्यांनी, आणि तेही दोन्ही पायांची ताकद मोजून, ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या निदान ९० टक्के भरला तरच. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला तर आदल्या दिवशी जास्त झालं समजा आणि त्या दिवशी वजन कमी करा, सूज दोन-तीन दिवसांत उतरली नाही तर डॉक्टरांना दाखवा.