योनिदाह, जिवाणुसंसर्ग आणि 'वाढलेली प्रतिकारशक्ती'

प्रश्न थोडक्यात असा: 'बॅक्टेरियल व्हजायनोसिस' (योनीतल्या जिवाणूंचं संतुलन बिघडण्याची तक्रार) यावरच्या संशोधनाची माहिती मराठीत आणताना अनुवादकाने 'योनीचा जिवाणुसंसर्ग' असं लिहिलं. तपासणाऱ्याने ते खोडून 'योनिदाह' केलं. त्याच मजकुरात पुढे 'इम्यून रिस्पॉन्स वाढतो' याचं 'प्रतिकारशक्ती वाढते' झालं. यातलं काय ठेवावं?

माझ्या मते तिन्ही काढावेत, आणि सगळ्यात आधी 'दाह'.

वैद्यकीय मराठीत 'आयटिस' या शेपटीसाठी 'दाह' रुळलेला आहे: यकृतदाह, संधिदाह, आंत्रपुच्छदाह. 'ओसिस' ही शेपटी मात्र नुसती अवस्था किंवा बिघाड सांगते, आणि या नावात ती मुद्दाम घातलेली आहे. 1955 साली गार्डनर आणि ड्यूक्स यांनी या तक्रारीचा संबंध एका जिवाणूशी जोडला. तेव्हा या दुखण्याला 'नॉनस्पेसिफिक व्हजायनायटिस', म्हणजे कारण न सांगता येणारा योनिदाह, म्हणत. त्यांच्या जिवाणूचं नाव दोनदा बदलून 1980 मध्ये 'गार्डनरेला व्हजायनॅलिस' झालं. 1984 मध्ये रोगाच्या नावातला 'आयटिस' काढून 'ओसिस' लावला गेला, कारण स्राव वाढलेला असला तरी योनीची भिंत लाल किंवा सुजलेली नसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशींची गर्दी दिसत नाही. ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीच्या लागणीत ती सहसा दिसते. तिथे 'योनिदाह' खुशाल लिहावं. नाव ठेवणाऱ्यांनी विचार करून टाळलेला शब्द आपण अनुवादात परत आणणं बरं नव्हे.

शिवाय मराठी वाचकाला 'दाह' म्हटलं की आग, जळजळ आठवते. आग आणि खाज ही प्रामुख्याने कॅन्डिडा या बुरशीच्या संसर्गाची लक्षणं. व्हजायनोसिसमध्ये पातळ, एकसारखा, राखाडीसर पांढरा स्राव आणि माशासारखा वास ही मुख्य तक्रार असते, आणि अनेक जणींना तर काहीच जाणवत नाही. 'योनिदाह' वाचून अशी स्त्री 'मला कुठे आग होते?' म्हणून पान उलटेल.

'संसर्ग' थोडा जवळचा, तरी फसवा. संसर्ग म्हटलं की बाहेरून एक जंतू आला आणि त्याने रोग केला असं चित्र उभं राहतं. इथे असा एकटा गुन्हेगार सापडत नाही. निरोगी योनीत बहुधा लॅक्टोबॅसिलस या जिवाणूंच्या गटाचं वर्चस्व असतं. इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली अस्तराच्या पेशी ग्लायकोजेन साठवतात, त्याचे तुकडे होतात, लॅक्टोबॅसिलस त्यांपासून लॅक्टिक आम्ल बनवतात आणि पीएच (आम्लता मोजणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) साधारण 3.5 ते 4.5 दरम्यान राहतो. व्हजायनोसिसमध्ये हा गट ओसरतो. गार्डनरेला, प्रिव्होटेला, मोबिलंकस असे प्राणवायूशिवाय किंवा कमी प्राणवायूत वाढणारे जिवाणू बोकाळतात. त्यांतले बरेच निरोगी स्त्रीमध्येही थोड्या संख्येने सापडतात.

म्हणून माझी सूचना: पहिल्या उल्लेखात 'बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचं संतुलन बिघडणं' असं लिहावं आणि पुढे 'जिवाणू-असंतुलन' वापरावं. 'संसर्गजन्य नाही' असं ठासून मात्र लिहू नये. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत स्त्रीच्या पुरुष जोडीदारालाही औषध दिल्यावर 12 आठवड्यांत रोग परतण्याचं प्रमाण सुमारे 63 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर आलं. जिवाणूंची देवाणघेवाण होते हे त्यातून दिसतं. 'असंतुलन' या शब्दात तेही सामावतं.

'चांगले जंतू' हा लाडका शब्दही जपून वापरावा. 2011 पासून योनीतल्या जिवाणूंची पाच गटांत विभागणी केली जाते. त्यांतल्या चार गटांत लॅक्टोबॅसिलसची क्रिस्पॅटस, गॅसेरी, आयनर्स आणि जेन्सेनी यांपैकी एकेक जात वरचढ असते. उरलेल्या गटात (त्याला क्रमांक चौथा दिलेला आहे) लॅक्टोबॅसिलसच्या कोणत्याच जातीचं राज्य नसतं. आयनर्स हीदेखील लॅक्टोबॅसिलसच, पण ती लॅक्टिक आम्लाचं 'डी' रूप बनवत नाही आणि बिघाडाच्या काळातही टिकून राहते. तिला सरसकट 'चांगली' म्हणता येत नाही. आतड्याच्या बाबतीत 'विविधता चांगली' हे वाक्य वाचकाच्या ओळखीचं झालेलं आहे. इथे नेमकं उलटं असतं, तेव्हा ते वाक्य सवयीने चिकटवू नये.

निदानाच्या परिच्छेदात अनुवाद कुठे घसरतो तेही सांगतो. 1983 चे अ‍ॅमसेल निकष चार: वर वर्णन केलेला स्राव, 4.5 पेक्षा जास्त पीएच, स्रावावर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच उसळणारा वास, आणि क्लू सेल. चारांपैकी तीन जुळले की निदान पक्कं. पीएचसाठी नमुना योनीच्या बाजूच्या भिंतीवरून घेतात. गर्भाशयमुखाजवळचा श्लेष्मा आम्लधर्मी नसल्याने तो लागला की आकडा फुगतो, आणि रक्त किंवा वीर्य मिसळलं तरीही तेच होतं. क्लू सेलचं 'सुगावा पेशी' केलेलं पाहिलं आहे. ते गुप्तहेरकथेत शोभेल. ही अस्तराचीच पेशी असते, फक्त तिच्यावर इतके जिवाणू चिकटलेले असतात की कडा ठिपक्याठिपक्यांची, धूसर दिसते. अशा पेशी अस्तराच्या पेशींच्या किमान 20 टक्के असाव्या लागतात. 'क्लू सेल' तसंच ठेवून हे वर्णन द्यावं.

न्यूजंट स्कोअरमध्ये, म्हणजे स्रावातले जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दिल्या जाणाऱ्या अंकात, तर मराठी स्वतःच सापळा लावते. 'न्यूजंट गुण 8' वाचून कोणालाही वाटेल, छान आहे की! शिवाय आपल्याकडे औषधाने 'गुण येतो'. पण या मोजपट्टीवर 0 ते 3 निरोगी, 4 ते 6 मधली स्थिती आणि 7 ते 10 व्हजायनोसिस. 'न्यूजंट अंक' लिहावं आणि जास्त म्हणजे वाईट हे पहिल्याच वेळी सांगावं.

आता प्रतिकाराकडे. इथली चूक सगळ्यात महागडी आहे, कारण 'प्रतिकारशक्ती वाढते' या शब्दांनी अर्थ पार उलटतो. जिवाणू-असंतुलनात इंटरल्युकिन-1 बीटा हे दाह चेतवणारं प्रथिन वाढतं, पण एसएलपीआय हे संरक्षक प्रथिन कमी होतं. सायलिडेज हे विकर श्लेष्माच्या प्रथिनांवरची शर्करा तोडतं आणि संरक्षक थर दुबळा होतो. म्हणजे यंत्रणा चेतते, पण संरक्षण घटतं. डर्बनमधल्या तरुण स्त्रियांच्या अभ्यासात, ज्यांच्या योनीत लॅक्टोबॅसिलसचं वर्चस्व नव्हतं त्यांच्या जननमार्गात चेतलेल्या सीडी4 पेशी (प्रतिकारयंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त आढळल्या. एचआयव्ही नेमका याच पेशींत शिरतो. 2017 मध्ये त्याच अभ्यासातून दिसलं की अशा विविध जिवाणूंच्या काही गटांत एचआयव्हीची लागण होण्याचा धोका क्रिस्पॅटसचं वर्चस्व असलेल्या स्त्रियांच्या चौपटीहून जास्त होता. हे सगळं 'प्रतिकारशक्ती वाढते' या वाक्याखाली गाडलं जातं. 'प्रतिकारयंत्रणा चेतते' किंवा 'प्रतिकारपेशी सक्रिय होतात' असं लिहावं. 'शक्ती' हा शब्द फक्त संरक्षण खरोखर वाढतं तिथेच यावा.

यावर चौकस वाचक म्हणेल, मग दाह आहेच की! रेणूंच्या पातळीवर आहे, हे मान्य. डोळ्यांना आणि साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारा. संशोधनाच्या मजकुरात त्याला 'सुप्त दाह' म्हणावं, विशेषण न गाळता. रोगाचं नाव म्हणून तरीही नको.

'रेझिस्टन्स'चीही अशीच गफलत होते. टेनोफोविर या एचआयव्हीविरोधी औषधाच्या जेलच्या दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीचा 2017 मध्ये नव्याने अभ्यास झाला. लॅक्टोबॅसिलसचं वर्चस्व असलेल्या स्त्रियांत जेलमुळे एचआयव्हीची लागण 61 टक्क्यांनी कमी झालेली दिसली, इतरांत जेमतेम 18 टक्क्यांनी. कारण असं की गार्डनरेला हे औषध शोषून मोडून टाकतो. याला 'औषधप्रतिकार' म्हणू नये, विषाणू औषधाला दाद देईनासा झालेला नाही. 'जिवाणू औषध निकामी करतात' एवढं पुरे.

'कॉलनायझेशन'साठी 'वसाहत' जड वाटते. आपल्याकडे 'बस्तान बसणं' आहे, आणि ते चपखल आहे. 2020 च्या एका चाचणीत मेट्रोनिडॅझोल या जिवाणूनाशक औषधाच्या उपचारानंतर स्त्रियांना क्रिस्पॅटसचा एक वाण योनिमार्गातून दिला गेला. 12 आठवड्यांत रोग परतला तो 30 टक्के जणींत, नुसतं औषधहीन चूर्ण मिळालेल्यांत 45 टक्के. 12 आठवड्यांनी तो वाण 79 टक्के जणींत सापडला, 24 आठवड्यांनी 48 टक्के. म्हणजे बस्तान बसतं, पण सगळ्यांत टिकत नाही.

शुद्धलेखनाचं एक: सुटा शब्द 'योनी' दीर्घ, समासात ऱ्हस्व. योनिमार्ग, योनिस्राव. 'योनीमार्ग' सर्रास दिसतं, पण ते चूक. आणि 'अंगावरून पांढरं जाणं' हा रोजच्या बोलण्यातला शब्दप्रयोग लेखात जरूर घ्यावा, वाचक तोच शोधतो. फक्त तो या रोगाचा पर्याय म्हणून वापरू नये. ते लक्षण आहे, बुरशीतही होतं, ट्रायकोमोनासमध्येही, आणि काही प्रमाणात निरोगीपणीही.