‘हाड’ म्हटलं की ‘सूप’

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

हंगेरीतल्या सेगेदहून पाठवलेलं तुझं कथाकथनाचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. स्पर्धेची मर्यादा सात मिनिटांची, तू संपवलीस सहा मिनिटं पन्नास सेकंदांत. एक शब्द गळालेला नाही, उच्चार स्वच्छ. परदेशातली मुलगी हंगेरियन लोककथा सांगते म्हटल्यावर टाळ्या तर पडतीलच. पण दुसऱ्यांदा ऐकताना मी मेथी निवडायला घेतली, आणि तिसऱ्यांदा धाकटा राजपुत्र घरातून कधी निघाला तेच मला कळलं नाही. रागावू नकोस गं. मला जे वाटलं ते तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?

तू पाठ केलेला मजकूर हंगेरियन लेखक बेनेदेक एलेक यांचा आहे. त्यांचा जन्म 30 सप्टेंबर 1859 चा, किशबॉत्सोनचा. ते गाव आता रोमानियात आहे. 2005 पासून हंगेरियन वाचन संघटनेच्या पुढाकाराने त्यांचा जन्मदिवस लोककथा दिन म्हणून पाळतात, म्हणून तर तुमची स्पर्धा त्याच सुमारास आहे. माणूस त्या मानाला पात्रच होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांनी पाच खंड भरून कथा मुलांच्या हाती दिल्या. मात्र त्या वाचण्यासाठी लिहिल्या आहेत. वाक्यं लेखणीने घासूनपुसून गुळगुळीत केलेली. ती जशीच्या तशी पाठ केली की कथन राहत नाही, पठण होतं. आपल्याकडच्या कथाकथन स्पर्धा तू पाहिल्या आहेस ना? ‘चंद्र’ म्हटलं की हात वर, ‘नदी’ म्हटलं की हात आडवा. तिथेही तेच चालतं.

बुडापेस्टला राहत असताना एका शाळेच्या स्पर्धेत मी मागच्या बाकावर बसले होते. आठ-नऊ वर्षांचा मुलगा ड्रॅगनसमोर येऊन थांबला. पुढचं वाक्य आठवेना. पहिल्या रांगेत बाई नुसते ओठ हलवून शब्द पुरवत होत्या आणि तो डोळे फाडून त्यांच्या ओठांकडे बघत होता. समोर बारा डोक्यांचा ड्रॅगन उभा, आणि पोरगं शोधतंय क्रियापद! तलवार काढली, पळाला, ड्रॅगनला पाणी विचारलं, काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण ‘काहीही’ सांगायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

जुने कथेकरी असे अडत नसत. हंगेरीतल्या सॉमोशसेग गावचा आमी लायोश रोमा (जिप्सी) समाजातला, लिहिता-वाचता न येणारा. त्याच्याकडून दोनशेहून जास्त कथा टिपून घेतल्या गेल्या आणि 1968 साली तीन खंडांत छापल्या. जगाच्या कडेला आभाळ इतकं खाली येतं की पाकोळीलासुद्धा गुडघे टेकून पाणी प्यावं लागतं, हे तो ठामपणे सांगायचा. कॉकॉश्द गावच्या जुजाना पाल्को पूर्वेकडच्या बुकोविना प्रांतातून विस्थापित होऊन आलेल्या, सेकेय या हंगेरियन भाषक गटातल्या बाई, त्याही निरक्षर. 1954 मध्ये त्यांना ‘लोककलेच्या उस्ताद’ हा सरकारी किताब मिळाला. मयताच्या घरी रात्र जागवताना त्या गोष्टी सांगत. मक्याची कणसं सोलताना, सूत कातताना, शेतमजुरांच्या निजायच्या जागी गोष्टी चालत. हात कामात, कान मोकळे.

आणि सैनिकांच्या बराकीतली ती रीत! अंधारात सांगणारा मध्येच ओरडायचा, “चोन्त!” म्हणजे हाड. जागे असलेले उत्तर द्यायचे, “लेवेश!” म्हणजे सूप. उत्तर आलं नाही की गोष्ट तिथेच बंद, उरलेली उद्या. आपल्याकडे आजीला हुंकार द्यावा लागायचा, तसंच हे. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये मला ‘सूप’ म्हणायला जागाच सापडली नाही.

म्हणून स्पर्धाच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. माझे काही हंगेरियन मित्र म्हणतात, गोष्टीला गुण द्यायचे म्हणजे झऱ्याला फूटपट्टी लावायची. ते मला पटत नाही. कणसं सोलायला यंत्रं आली, रात्र जागवायची प्रथा विरळ झाली. मग गोष्ट सांगायचं निमित्त उरलं कुठे? स्लोवाकियातल्या हंगेरियन मुलांसाठी जुने लोककथा-संग्राहक इपोयी आर्नोल्ड यांच्या नावाची लोककथाकथन स्पर्धा आहे. शाळेबाहेर दुसरी भाषा ऐकत वाढणाऱ्या मुलाला आपल्या भाषेतली एक आख्खी गोष्ट लोकांसमोर सांगायला मिळते, हे थोडं आहे का? निमित्त मिळालं की खऱ्या गोष्टीही शोधल्या जातात.

तर आता कामाचं. छापील पान बाजूला ठेव. बुडापेस्टला 2001 पासून ‘परंपरांचं घर’ ही संस्था आहे, तिथे पारंपरिक कथाकथनाचे वर्ग चालतात. गावातल्या माणसांचे आवाज कुठे ऐकायला मिळतील, ते त्यांना विचार. एकाच कथेची दोन-तीन रूपं ऐक आणि मग गोष्टीची फक्त हाडं कागदावर लिही: कोण निघालं, कशासाठी, वाटेत कोण भेटलं, काय मागितलं. दहा ओळींच्या वर जाऊ नकोस.

शब्दशः पाठ ठेवायचं ते थोडंच. सुरुवातीचं “होल वोल्त, होल नेम वोल्त”, कुठे होतं, कुठे नव्हतं. त्याला हात लावायचा नाही, जसं आपण ‘आटपाट नगर होतं’ बदलत नाही. तसंच काचेचे डोंगर, आखूड शेपटीचं डुक्कर जिथे जमीन उकरतं ती जागा, निखारे खाणारा मरतुकडा घोडा. आणि शेवटी “ज्याला खोटं वाटतं त्याने जाऊन बघावं.” हे खुंटे पक्के रोव, मधलं कापड रोज नव्याने ताण.

हातवारे विसर. परीक्षकांकडे बघू नकोस, तिसऱ्या रांगेतल्या कंटाळलेल्या माणसाकडे बघ. तो खुर्चीत पुढे सरकला की तिथे थोडी रेंगाळ, मोबाईल काढला की घोड्याला टाच मार.

रविवारी होस्टेलच्या स्वयंपाकघरात, कुणी कांदा चिरत असेल, कुणी भांडी घासत असेल, तेव्हा सांगून बघ. मध्येच “चोन्त” म्हण. कुठे उत्तर आलं आणि कुठे नाही, तेवढं मला लिहून पाठव. नवं रेकॉर्डिंग नको.

पोगाचा, ती तिथली छोटी खारी पावासारखी, मात्र आठवणीने खा. गोष्टीतल्यासारखी राखेत भाजलेली कुठली मिळायला, बेकरीतलीही चालेल.

कळावे,
तुझी मावशी