बॅटरीच्या बुडातलं बटण

प्रश्न : काका नमस्कार, मी आचऱ्याचा, कॉलेजला आहे. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एलईडी बॅटरी घेतलेली, १८६५० सेलवाली (म्हणजे तो चार्ज करायचा लांबट सेल), मागच्या टोपीत बटण असतं ती. परवा रात्री कुर्ल्या (खेकडे) पकडायला गेलो आणि व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उभा असतानाच ती फुल्लवरून आपोआप डिम झाली, मग ब्लिंक मारायला लागली आणि शेवटी गप. सेल फुल चार्ज आहे. बटण दाबलं की टक वाजतं पण उजेड नाही. दुकानदार म्हणतो रिपेअर होत नाही, नवीन घे. खरंच होत नाही का?

उत्तर : होते रे, आणि तुझी तर बहुतेक दहा मिनिटांत होईल. (शहरातल्या वाचकांसाठी : आमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, आतला तो सेल.) आपोआप डिम झाली आणि मग ब्लिंक, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. या बॅटऱ्यांत बटण अर्धं दाबलं की करंट क्षणभर तुटतो आणि त्यावरूनच आतलं सर्किट मोड बदलतं, म्हणजे कुठेतरी लूज कॉन्टॅक्ट झाला की तिला वाटतं तूच बटण दाबतोयस.

आधी दोष कुठे आहे ते बघ. मागची टोपी फिरवून काढ, सेल आतच राहू दे. सेलचं सपाट बूड दिसेल आणि भोवती नळीची कडा. तांब्याच्या वायरचा तुकडा घे, एक टोक बुडाला आणि दुसरं कडेला टेकव, पण कडेच्या उघड्या चकचकीत धातूलाच, कारण बाहेरच्या काळ्या रंगातून करंट जात नाही. लागली? मग सेल, एलईडी, सर्किट सगळं ठणठणीत, घोळ टोपीतच. नाही लागली तर बटणाच्या मागे लागू नकोस, दोष बहुतेक पुढच्या डोक्यात, म्हणजे एलईडी आणि सर्किटच्या बाजूला आहे.

आता टोपीत डोकाव. मध्ये स्प्रिंग आणि तिच्याभोवती एक रिंग, रिंगला समोरासमोर दोन भोकं किंवा खाचा. टोकदार चिमटा त्यात घाल आणि घड्याळाच्या दिशेने आवळ, बस्स. ही रिंगच स्विचची प्लेट टोपीला दाबून धरते, ती सैल झाली की टक वाजतं पण करंट जात नाही. माझ्याकडे अशा जेवढ्या आल्या त्यातल्या बऱ्याच नुसत्या आवळून चालू झाल्या आणि लोक नवीन स्विच मागवून बसलेले!

आवळून भागलं नाही तर साफ कर. खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमच्या कडेवर पांढरी पूड धरते आणि रिंग पितळी असेल तर तिच्यावर हिरवट थर, दोन वेगळे धातू आणि मध्ये मिठाचं पाणी म्हणजे तिथेच एक छोटा सेल तयार होतो आणि अॅल्युमिनियम खाऊन टाकतो. आधी साधा खोडरबर घास, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापूस फिरव. पॉलिश पेपर नको, स्प्रिंगवरचं प्लेटिंग गेलं की चार दिवसांत गंज.

एवढं करूनही नाही लागली तर स्विच बदल. रिंग काढताना आतले भाग कुठल्या क्रमाने निघतात त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेव, कारण एक बारीक वॉशर विसरला की बटण आतच अडकतं आणि मग आपण स्विचला शिव्या घालतो. मापं घेताना प्लेटचा व्यास घे, १६, १७, २० मिलीमीटर असे प्रकार मिळतात, शिवाय स्विचची उंची. आणि प्रकार विचारून घे : बटण सोडल्यावर लागते तो रिव्हर्स, अर्धं दाबताच लागते तो फॉरवर्ड. तुझी मोडवाली आहे, रिव्हर्सच घे. नुसता स्विच बदलणार असशील तर सोल्डरिंग गन दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नकोस, आतलं प्लॅस्टिक मऊ पडतं. त्यापेक्षा स्प्रिंगसकट तयार प्लेट मिळाली तर तीच घे, सरळ.

प्रश्न : माझ्या बॅटरीच्या बटणावरचं रबर फाटलंय, स्विच चांगला आहे. घरातलंच काही लावून चालेल का? — निवृत्त शिक्षिका, गुहागर

उत्तर : बाई, सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून आतून रबराच्या जागी बसवा आणि रिंग आवळा, पावसाळा निघेल, फक्त बटण थोडं जड लागेल. नवं रबर मागवताना जुन्याचा व्यास मोजून कळवा. झाकणाच्या आट्यांना आणि गोल रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको, त्याने काही रबरं फुगतात आणि मग टोपी फिरता फिरत नाही. फाटक्या रबरातून पाणी आत गेलं असेल तर आधी सेल काढा आणि टोपी एक दिवस तांदळाच्या डब्यात नाही, पंख्याखाली ठेवा.