स्किनकेअर रुटीनने खरंच ताण कमी होतो का, आणि घरचे "नखरे" म्हणतात त्यांना काय सांगायचं?

तुम्ही विचारलंय की ऑफिस, घर, प्रवास यात दिवस जातो, रात्री दहा मिनिटं चेहऱ्याला काही लावत बसलं तर बरं वाटतं, पण हे खरंच ताणावर काम करतं की नुसती जाहिरातबाजी, आणि घरचे म्हणतात हे सगळे नखरे आहेत. काम करतं. माझ्यावर केलंय. कुठला फेसवॉश घ्यायचा ते शंभर जण सांगतील, मी त्या "नखरे" शब्दावर लिहिणार आहे कारण तो मी बराच काळ ऐकून घेतलाय.

माझ्या सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला, मेंदूच्या डाव्या बाजूला, त्यामुळे उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून एखादाच शब्द निघायचा, तोही भलताच. आम्ही डोंबिवलीला, दोन खोल्या आणि किचन. दिवसा एक मावशी यायच्या, बाकी सगळं माझ्याकडे. दर दोन तासांनी कूस बदलायची, डायपर, स्पंजिंग, पातळ केलेलं जेवण चमच्याने, टाचा आणि माकडहाड रोज उजेडात बघायचं की कातडी लाल तर होत नाही ना. ज्याने घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय त्याला हे सांगायला नको. आणि या प्रत्येक कामाआधी हात धुवायचे, कामानंतर परत धुवायचे. साध्या साबणाने.

माझे हात फुटले. बोटांच्या पेरांवर चिरा, त्यातून रक्त यायचं, लिंबू पिळायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी. आणि त्या चिरा भरायच्याच नाहीत. स्किनच्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, घरी कोण आजारी आहे? मग त्यांनी समजावलं की त्वचा मुळात थोडी आम्लधर्मी असते, पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5 च्या आसपास, आणि अंगाचा साबण असतो 9-10, दिवसातून इतक्यांदा धुतलं की वरचा तेलकट थर राहतच नाही. साबण बदलायचा, कोमट पाणीच घ्यायचं, हात पुसल्यावर ओलसर असतानाच क्रीम लावायचं, आणि रात्री झोपताना जाडसर पेट्रोलियम जेली लावून वर सुती हातमोजे. बस्स. माझं रुटीन असं हातांपासून सुरू झालं, चेहरा नंतर आला.

न भरणाऱ्या चिरांचं कारण मी नंतर वाचलं आणि वाचून रडले. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली एक अभ्यास केला होता. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला घरी सांभाळणाऱ्या 13 बायका घेतल्या, आणि त्यांच्याच वयाच्या, साधारण तशाच परिस्थितीतल्या पण ही जबाबदारी नसलेल्या 13. सगळ्यांच्या हातावर 3.5 मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सांभाळणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी 9 दिवस जास्त लागले. म्हणजे ताण नुसता मनात बसत नाही, कातडीत उतरतो. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी माझ्या मनातली उरलीसुरली लाज गेली.

तर रात्री साडेनऊला हे (माझे मिस्टर) आईंजवळ बसायचे आणि मी बाथरूमची कडी लावून पंधरा मिनिटं आत. चेहरा धुवायचा, क्रीम लावायचं, मग हात, मग मानेला जरा तेल. एक गोष्ट मात्र मी मुद्दाम करायचे, हात अगदी सावकाश फिरवायचे. आपल्या त्वचेत, चेहऱ्यावर आणि हातावर खास करून, असे मज्जातंतू असतात जे हळुवार स्पर्शालाच नीट दाद देतात, सेकंदाला साधारण 3 सेंटिमीटर इतक्या वेगाला सगळ्यात जास्त. हनुवटीपासून कानापर्यंत जायला चार सेकंद लागले पाहिजेत असं धरा. आपण एरवी चेहरा घासतो तसं घासलं की क्रीम लागतं पण बाकीचं काही मिळत नाही.

आणि हे आमच्या मोठ्या नणंदबाईंना खुपलं. त्या महिन्यातून एखाद्या रविवारी यायच्या, फळं घेऊन. एकदा रात्री मुक्कामाला होत्या, मी बाहेर आले तेव्हा मावससासूबाईंना म्हणत होत्या, "आई तिकडे अंथरुणावर आणि हिचं इथे क्रीम-पावडर चाललंय, नखरे नुसते." मला ऐकू जाईल अशाच आवाजात. मोठ्यांसमोर उलटं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, मी गप्प बसले, आणि नंतर सासूबाईंच्या दिवसकार्यापर्यंत ते वाक्य नातेवाइकांत फिरत राहिलं.

आता बोलते. वन्सं, तुमच्या आईंना शेवटपर्यंत एकही बेडसोर झाला नाही. एअर बेडने मदत केली, मावशींनी केली, पण रात्री दोनला आणि चारला उठून कूस बदलणारे हात माझे होते, आणि ते हात धड राहिले म्हणून झालं ते. फुटलेल्या हाताने मी त्यांच्या पाठीला तेल लावू शकत नव्हते, खडबडीत हात लागला की त्या अंग चोरायच्या. आणि अजून एक तुम्हाला माहीत नाही कारण तुम्ही नव्हतात. एका रात्री हे घरी उशिरा येणार होते म्हणून मी माझी डबी घेऊन आईंच्या पलंगावरच बसले आणि तिथेच चेहऱ्याला लावत होते. त्यांनी डावा हात पुढे केला आणि माझं मनगट धरून स्वतःच्या गालाकडे नेलं. मी त्यांना लावलं, कपाळ, गाल, हनुवटी, सावकाश. त्यानंतर रोज साडेनऊ झाले की त्या घड्याळाकडे बघायच्या. आधी त्यांचं, मग माझं. त्या आधी रात्री फार अस्वस्थ असायच्या, चादर ओढत राहायच्या, ते पुष्कळ कमी झालं. ज्यांच्यावरून मला नखरे ऐकवले त्यांनाच ते हवं होतं.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे. तीन गोष्टींच्या वर काही घेऊ नका. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. ते दहा स्टेपचं कोरियन वगैरे ज्यांना आवड आहे त्यांनी करावं, पण ताण कमी करायला म्हणून केलंत तर ऑफिससारखं अजून एक काम लागेल मागे. नायसिनामाइड, रेटिनॉल, ॲसिडवालं सिरम हे सगळं एकाच आठवड्यात सुरू करून चेहरा लालभडक करून घेतलेल्या मुली मी बघितल्यात. महाग असलंच पाहिजे असंही नाही, औषधाच्या दुकानातलं साधं बिनवासाचं क्रीम पुरतं. क्रम रोज तोच ठेवा, म्हणजे डोकं चालवावं लागत नाही. फोन बाहेर. आणि कडी लावा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण कडी नसेल तर कोणीतरी टॉवेल मागायला येतंच.

घरगुती म्हणाल तर मसूर डाळीचं पीठ, साय, ज्यांना सोसतं त्यांनी लावावं. लिंबू चेहऱ्याला लावून उन्हात जाऊ नका, काळे डाग पडतात, भाजल्यासारखंही होतं. खोबरेल तेल हातापायांना उत्तम, पण पिंपल्स येणाऱ्या चेहऱ्याला नको.

हे आधी सांगायला हवं होतं, मेडिकलवाल्याने "गोरं होईल" म्हणून दिलेली ट्यूब लावू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, दोन आठवडे चेहरा छान दिसतो आणि मग कातडी पातळ होते, बंद केलं की आग आणि पुरळ. 2018 पासून अशी बरीच क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे तरी काही ठिकाणी मिळतात. सोरायसिस, एक्झिमा असेल तर माझं काही ऐकू नका, डॉक्टरकडे जा. आणि झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल तर ते क्रीमचं काम नाही, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

घरच्यांना काय सांगायचं विचारलंत. समजावत बसू नका, मी समजावण्याच्या नादात फार दिवस घालवले. फक्त वेळ सांगा, साडेनऊ ते पावणेदहा मी नाहीये, काही लागलं तर आत्ताच मागा. आणि घरात कोणी आजारी, म्हातारं माणूस असेल तर त्यांनाही विचारा हवंय का.