वजन किती ते नको, कशाचं ते सांगा

या महिन्याच्या गठ्ठ्यातली तीन पत्रं घेते. तिन्हींत वजनकाटा आहे, आणि तिन्हींत तो खरंच बोलतोय, पण अर्धं.

प्रश्न : वय ४७, उंची पाच फूट सहा इंच. गुजरीत एका पेढीवर हिशेब लिहितो, म्हणजे दिवसभर बैठं काम. आठ महिने रोज पहाटे रंकाळा तलावाकाठी ४० मिनिटं चालतो. मुसळधार पाऊस सोडला तर खाडा नाही. वजन ७४ होतं, ते ७३ झालं. बस. गेल्या आठवड्यात तिथंच फुकट तपासणीवाल्यांनी मशीनवर उभं केलं, तर चरबी ३१ टक्के निघाली. मग आठ महिने मी केलं काय? बायको म्हणते, चालून झालं की दूध कट्ट्यावर थांबता ते बंद करा.
– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आधी त्या मशीनचं बोलू, कारण मीही त्यावर उभी राहिलेय. संध्यामठाच्या अलीकडं टेबल मांडून बसले होते, बाजूला पावडरीच्या डब्यांची उतरंड. ‘ताई, चप्पल काढा.’ काढली. फेरीआधी एकदा उभी राहिले आणि फेरी मारून घामेजल्या पायांनी पुन्हा एकदा. तासाभरात माझी चरबी अडीच टक्क्यांनी उतरली होती! पोराला विचारलं, एवढी रंकाळ्यात पडली का रे? तो हसला आणि डबा पुढं केला.

मशीन तसं साधं असतं. तळपायाखालच्या पत्र्यांतून अगदी सौम्य वीज एका पायातून चढते नि दुसऱ्यातून उतरते. स्नायूत पाणी भरपूर, तिथून ती सहज जाते. चरबीत पाणी कमी, तिथं अडते. मशीन मोजतं ते एवढंच अडणं. बाकीचा आकडा तुमचं वय, उंची, बाई की पुरुष हे सूत्रात घालून काढलेला असतो. पाय कोरडे असले, पाणी कमी प्यायलेलं असलं की चरबी ‘वाढते’. आणि ज्या चरबीची खरी भीती, ती पोटातली, तिथपर्यंत पायातली ही वीज धड पोचतच नाही. एकाच मशीनवर, एकाच वेळी, दर महिन्याला उभं राहिलात तर आकडा कुठं सरकतोय हे कळेल. एकदाच आलेले ३१ सोडून द्या. पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र त्यावर पायच ठेवू नये.

आता तुमच्याच धंद्यातला हिशेब. ४० मिनिटं चाललात म्हणजे घरी बसून राहिला असता त्यापेक्षा जास्तीच्या जेमतेम दीडशे कॅलरी खर्ची पडल्या. कट्ट्यावर म्हशीच्या दुधाचा पाव लिटरचा पेला घेतलात, की पावणेतीनशेच्या आसपास जमा. वहिनींचं गणित चुकीचं नाही. किलोभर चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, म्हणजे दुधाशिवाय चाललात तरी किलो उतरायला पन्नास दिवस, तेही कागदावर. शरीर भूक वाढवून त्यातलं बरंच वसूल करतं. नुसत्या चालण्यानं काटा हलत नाही तो यामुळं. दूध रोजच्याऐवजी रविवारी प्या. (धारोष्ण प्यावं की उकळून, हे इथं लिहिलं तर निम्मं गाव भांडायला येईल. मी उकळून पिते.)

पण आठ महिने फुकट गेले म्हणाल तर मी भांडायला येईन. जेवणातली साखर रक्तातून उचलून ठेवणारी सगळ्यात मोठी कोठी म्हणजे आपले स्नायू. चालताना मांडीचा स्नायू आवळतो तेव्हा तो इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतो आणि पुढं दिवस-दीड दिवस इन्सुलिनचं जास्त ऐकतो. काट्याला यातलं काही दिसत नाही. पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी तर वजन तेवढंच असतानाही व्यायामानं कमी होते.

यावर मला आवडणारी एक जुनी गोष्ट लंडनच्या बसमधली आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांचा अभ्यास छापला. बस तीच, पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली. हृदयविकार कंडक्टरांत बराच कमी निघाला. मग शंका आली, ड्रायव्हर मुळातच जाडे असतील तर? मॉरिस यांनी गणवेशाच्या पँटींची मापं मिळवली. ड्रायव्हरांची कंबर मोठी होतीच. पण बारीक कंडक्टर बारीक ड्रायव्हरशी आणि ढेरपोट्या कंडक्टर ढेरपोट्या ड्रायव्हरशी लावून बघितला, तरी अचानक मृत्यूचं प्रमाण कंडक्टरांतच कमी. तुम्ही आठ महिने कंडक्टर झालाय. दिवसभराच्या बैठकीत तेवढं रोज पहाटे ४० मिनिटं.

शिंप्याकडची फीत आणा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, न ओढता मोजा. पँट पोटाखाली बांधून ‘माझी कंबर चौतीसच’ सांगणारे माझ्याकडं दिवसाला दोन येतात. आपल्याकडं पुरुषाला ९० सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि बाईला ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस, याच्या पुढं गेलं की सावध व्हायचं. आठ महिन्यांपूर्वीची पँट आता सैल होते का, हेही बघा.

एक तक्रार मात्र आहे. रंकाळ्यावर मी बघते, चार पावलं चाललं की शाहू स्टेडियमवरच्या कालच्या मॅचवर सगळे थांबतात. पेनल्टी होती की नव्हती यात दहा मिनिटं जातात. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग हवा. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं असं चालणं आणि शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहिलं तुमचं होतंय. दुसऱ्याचं पत्रात नावही नाही. पेढीवर गादी असो की खुर्ची, दर तासाला हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. गिऱ्हाईक बघेल? बघू दे.

प्रश्न : वय २९, वजन ४९, उंची पाच फूट दोन इंच. कॉलेजपासून कपड्यांचं माप बदललेलं नाही. बँकेत नोकरी. ऑफिसच्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर) ५.९ आलं, डॉक्टर म्हणाले मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, व्यायाम करा. मैत्रिणी हसतात. मी आणखी बारीक होऊन जाऊ कुठं?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : बाळ, बारीक व्हायला कोणी सांगितलंच नाही. घट्ट व्हायला सांगितलंय.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघेही सडपातळ. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, ज्याला बीएमआय म्हणतात, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांच्यात २१.२. स्वतःच्याच अंगावरची चरबी जगाला मोजून दाखवणारा संशोधक मला फार आवडतो. त्यांच्याच गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली, तर तिथल्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळाचं ३.५. आपलं बाळ सगळीकडून बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानानं राखून ठेवलेली. कमी पडला तो स्नायू. म्हणून तर आपल्याकडं २३ च्या पुढचा बीएमआय जास्त आणि २५ च्या पुढचा लठ्ठपणा धरतात.

तुझा येतो १९.८. मैत्रिणींना हेवा वाटेल असा आकडा आहे, पण साखर ठेवायची कोठीच लहान असेल तर तो काय कामाचा? एचबीएवनसीच्या ५.७ ते ६.४ या उंबरठ्याच्या पट्ट्यातून माणूस मागं फिरू शकतो, आणि तुझ्यासारखीनं फिरायचं ते वजन उतरवून नव्हे, स्नायू वाढवून. आठवड्यातून तीन दिवस वीस मिनिटं दे. पाच लिटरचा पाण्याचा कॅन छातीशी धरून बैठका. भिंतीला हात लावून जोर, मग ओट्याला, मग जमिनीवर. पिशवीत पुस्तकं भरून ती कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून उचलायची. शेवटची दोन अवघड गेली पाहिजेत. सहज गेली तर पुस्तकं वाढव. आणि डबा दाखव मला. दोन चपात्या, बटाट्याची भाजी, भात, एवढ्यावर स्नायू बांधून होत नाही. उसळ घाल, अंडं खात असशील तर अंडं, नाहीतर दही, पनीर. किलोला दिवसाकाठी निदान पाऊण-एक ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत, म्हणजे तुला चाळीस-पन्नास ग्रॅम. वजन किलोभर वाढलं तर रडत फोन करू नकोस. तीन महिन्यांनी एचबीएवनसी परत कर. त्याआधी केलंस तर फरक पुरता दिसणार नाही.

प्रश्न : बाबा ६६ वर्षांचे, जुने पैलवान. वजन १०४. जिना चढताना धाप लागते, गुडघे धरतात. काही बोललं की म्हणतात, ‘पैलवानाला पोट असतंयच, हे चरबी न्हाई, पीळ हाय.’ काय सांगू त्यांना?
– एक मुलगी, कसबा बावडा

उत्तर : तुमच्या बाबांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय, कारण माझे वडीलही तालमीतलेच. पहाटे तीनला उठून हौदा उकरायचा, मग हजार बैठका, पाचशे जोर, मग लढती. त्याला तालमीत व्यायाम म्हणत नाहीत, मेहनत म्हणतात. त्या मेहनतीला खुराक लागायचाच. दूध, तूप, घोटलेल्या बदामाची थंडाई, संध्याकाळी मटण. पस्तिशीत खांदा निखळला आणि मेहनत सुटली. खुराक सुटला नाही. घरात कुणाची हिंमत होती पैलवानापुढची वाटी काढून घ्यायची?

पिळाची, म्हणजे स्नायूची, चरबी होत नाही, जसा वांग्याचा भोपळा होत नाही. दोन्ही वेगळी. होतं काय, की न वापरलेला स्नायू झिजतो आणि त्या जागी जास्तीचा खुराक चरबी होऊन बसतो. बाहेरून आकार तोच, म्हणून गडी फसतो. त्यात तिशीनंतर कुणाचाही स्नायू दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्क्यांनी घटतच असतो, साठीनंतर आणखी वेगानं. वजन १०४, पण ते उचलणारी मांडी पूर्वीची राहिली नाही. जिना त्यांना सांगतोय ते हेच.

समजावून सांगणं आमच्या घरी चाललं नाही. चालला तो पट्टा. वडिलांचा कातडी पट्टा होता, चप्पल लाइनीतून बनवून घेतलेला, बक्कल पितळेचं. मूळची पाच भोकं गोल, कडा सुबक. त्यापुढची चार त्यांनी घरी दाभणानं पाडलेली, वाकडीतिकडी, शेवटच्याला तर चीर गेलेली. एके दिवशी मी तो त्यांच्यापुढं ठेवला आणि भोकं मोजायला सांगितली. पीळ वाढला म्हणून दाभण लागत नाही, हे त्यांना कळलं. बोलले काही नाहीत.

तुमच्या बाबांना पटलं तर आधी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी. धाप लागतेय म्हणून ती सगळ्यात आधी. मग खरा धोका सुरू होतो. जुन्या पैलवानाला बैठका काढा म्हटलं की पहिल्याच दिवशी तो शंभर काढतो आणि तिसऱ्या दिवशी भिंत धरून संडासाला जातो. माझ्या वडिलांनी साठ काढल्या होत्या. म्हणून ‘बैठका’ हा शब्दच घरात बंद. खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसायचं, हात छातीवर, उभं राहायचं, तीन मोजत सावकाश बसायचं. आठ वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा आठ. गुडघा दुखला तर खाली उशी ठेवून बसायची उंची वाढवा. एका पायावर उभं राहणं आठवड्यातून तीन दिवस, ओट्याला बोट टेकवून. या वयात पडणं परवडत नाही. चालणं दहा मिनिटांपासून. खुराकातलं मटण, डाळ, अंडी राहू द्या, तूप आणि रात्रीचं दूध अर्ध्यावर आणा. आणि त्यांच्यासमोर ‘डाएट’ म्हणू नका. ‘मेहनतीपुरता खुराक’ म्हणा.

वर्षभरात माझ्या वडिलांचं वजन तीनच किलो उतरलं. काट्यावरून उतरताना त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. पट्टा मात्र दोन भोकं मागं आला होता, आणि दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बहिणीकडं ते कठडा न धरता चढले. वर पोचल्यावर पहिल्यांदा पाणी मागितलं नाही, पट्टा दाखवला. तुमच्या घरीही एखादा जुना असेल. शोधा, आणि दाभणाची भोकं किती आहेत ते मला कळवा.