रंग न लावता रंगीत काप: ग्रामीण रुग्णालयात उपयोग होईल का?

गडचिरोलीच्या ग्रामीण रुग्णालयात, खर्‍यामुळे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे) तोंडात झालेल्या जखमेचा तुकडा तपासताना रसायनांऐवजी कृत्रिम बुद्धिमत्तेने रंग देता येईल का, असे आपण विचारले आहे. तत्त्वतः येईल. नेहमीच्या पद्धतीत तुकड्याच्या पातळ कापाला दोन रंगद्रव्ये लावतात: हिमॅटॉक्सिलिनमुळे पेशीकेंद्रक निळे-जांभळे आणि इओसिनमुळे पेशीद्रव्य गुलाबी दिसते. डिजिटल पद्धतीत न रंगवलेल्या कापाची नैसर्गिक प्रदीप्ती (विशिष्ट प्रकाश टाकल्यावर ऊतक स्वतःच देते तो उजेड) टिपतात आणि, एकाच कापाच्या रंगवण्यापूर्वीच्या व नंतरच्या प्रतिमांच्या जोड्यांवर शिकवलेले न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी संगणकप्रणाली) त्यावरून रंगीत प्रतिमा तयार करते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील आयदोगान ओझकान यांच्या गटाने २०१९ मध्ये हे प्रसिद्ध केले.

मात्र यात वाचतो तो रंगवण्याचा टप्पा, आणि आपली अडचण मुळात तिथे नाहीच. तुकडा टिकवणारे फॉर्मलिन, त्याला धरून ठेवणारा पॅराफिनचा (मेणाचा) ठोकळा, मायक्रोटोम या कापणी-यंत्राने काढलेला काही मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांचा) काप, हे सारे लागतेच. वर प्रदीप्ती टिपणारे महागडे यंत्र. शिवाय मुळात नसलेले केंद्रक नेटवर्कने रंगवून दाखवण्याचा धोका आहे, म्हणून प्रतिमा वाचायला विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) हवाच. तुकडा अगदी लहान असेल, तर एकाच कापावरून वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवल्यासारख्या अनेक प्रतिमा मिळतात आणि काप पुढील चाचणीसाठी शिल्लक राहतो, हा लाभ खरा. तूर्त तुकडा फॉर्मलिनमध्ये घालून नागपूर किंवा सेवाग्रामला पाठवणेच मला अधिक शहाणपणाचे वाटते.